धूमकेतू टळला, श्रेय यज्ञाला: नारळीकरांच्या विज्ञानकथा पुन्हा वाचताना

चांदणवेल

आमच्या वाचनगटात या महिन्यात जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा घेतल्या होत्या. सुरुवात ‘यक्षांची देणगी’पासून केली. हा त्यांचा पहिला कथासंग्रह, १९७९चा. चर्चा रंगात आली तेवढ्यात ग्रंथालय बंद करायची वेळ झाली, म्हणून उरलेला वाद इकडे घेऊन आले आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळालं तेव्हा लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. टोपणनाव का, तर केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबर काम केलेल्या शास्त्रज्ञाच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये. मला ही गोष्ट कथांइतकीच आवडते.

आता मुद्दा. या कथांबद्दल एक ठरलेलं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, की त्यांनी वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार केला. शाळेत वाचल्या तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. या वेळी मात्र वाचताना काही वेगळंच जाणवत राहिलं. या कथांमध्ये विज्ञान जवळजवळ प्रत्येक वेळी आपलं काम चोख करतं. माणसं मात्र जागची हलत नाहीत.

‘धूमकेतू’ घ्या. एक हौशी आकाशनिरीक्षक घरच्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतो, त्याला त्याचं नाव मिळतं, सत्कार होतात. बायकोला मात्र आपल्या साध्यासरळ नवऱ्याचं नाव असल्या अशुभ गोष्टीला चिकटलेलं रुचत नाही. पुढे गणित सांगतं की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. परदेशात गुप्त परिषद भरते. अण्वस्त्रं लादलेलं यान पाठवून त्याची दिशा बदलायचं ठरतं आणि ते साधतंही. इकडे घरी शांतीसाठी यज्ञ मांडलेला, तोही नातवाच्या हातून! संकट टळतं आणि घरात त्याचं श्रेय यज्ञाला जातं. कथा तिथेच संपते. ही मला विज्ञानाच्या विजयाची कथा वाटतच नाही. एका शास्त्रज्ञाने हताश होऊन लिहिलेली कथा वाटते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्येही तेच. लेखक इतिहास बदलतो, पानिपत जिंकून देतो, पण त्या जिंकलेल्या जगातल्या सभेत गंगाधरपंत बोलायला उभे राहिले की लोक त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात.

तर या कथांमधून नेमका बोध काय घ्यायचा? की बोध शोधणंच चूक?

---

उगाच_काहीतरी

पानिपत हरा नाहीतर जिंका, मराठी माणूस भाषण ऐकून घेत नाही, हा बोध मी घेतला. पुढचे प्रतिसाद वाचायला चहा घेऊन बसलोय.

---

सांजवारा

चांदणवेल, धागा छान. पण ‘धूमकेतू’मधल्या बायकोवर तुम्ही सगळे (आणि लेखकही) अन्याय करता, असं माझं जुनं मत आहे. आज ते मांडून घेते.

तिला काय माहीत असतं ते बघा. आकाशात धूमकेतू आला आणि त्याला नवऱ्याचं नाव आहे. बस, एवढंच. तो आदळणार आहे, त्यासाठी परिषद झाली, यान सुटलं, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. घबराट होईल म्हणून मोठमोठे शास्त्रज्ञ आणि अधिकारी आपसात ठरवतात की लोकांना यातलं काही कळू द्यायचं नाही. ज्याला प्रश्न दाखवला नाही आणि उत्तरही दाखवलं नाही, त्याने श्रेय कोणाला द्यायचं? तिच्या डोळ्यांसमोर घडलेली एकच गोष्ट म्हणजे घरातला यज्ञ. तिच्याकडे असलेल्या माहितीत तिचा निष्कर्ष फारसा अतार्किक नाही.

मला वाटतं कथेत खरी गडबड इथे आहे. लेखकाला सांगायचं आहे की समाज अजून अंधश्रद्ध आहे. पण कथानकाने नकळत दुसरंच सांगून टाकलं, की ज्ञान मूठभरांनी कुलपात ठेवलं तर बाहेरच्यांच्या हाती यज्ञच उरतो. नारळीकरांना हे अभिप्रेत होतं का, ते सोडा. कथा चांगली असली की ती लेखकापेक्षा थोडं जास्त बोलते.

आणि नातवाला रेशमी कपडे घालून यज्ञाला बसवलेलं पाहून त्या आजोबांचा जो संताप होतो, त्यात मला घरातला नेहमीचा तिढा दिसतो. गृहस्थ रात्र रात्र गच्चीवर दुर्बीण लावून बसणार. त्यातलं बायकोला किती वेळा दाखवलं असेल?

---

कॅनडाकर

सांजवारा यांच्या गुप्ततेच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. प्रत्यक्षात काय झालं ते आपण सगळ्यांनी अलीकडेच पाहिलं.

२०२४च्या डिसेंबरअखेर चिलीतल्या दुर्बिणीतून ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ला ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. संभाव्य पट्टा पार दक्षिण आशियापर्यंत येत होता. पुढच्या काही दिवसांत नवी निरीक्षणं आली आणि शक्यता जवळजवळ शून्यावर उतरली. हे सगळं उघड चाललं होतं. रोजचा आकडा नासाच्या संकेतस्थळावर कोणीही बघू शकत होतं. घबराट झाली का? आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन दिवस विनोद आले, मग सगळे परत लग्नाच्या फोटोंकडे वळले.

दिशा बदलण्याचंही तसंच. २६ सप्टेंबर २०२२ला नासाने ‘डार्ट’ यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. हा लघुग्रह आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता, धडकेनंतर ११ तास २३ मिनिटं लागायला लागली. अणुबॉम्ब वगैरे काही नाही, नुसती टक्कर. मी ते थेट प्रक्षेपण बघत होतो. दगड पडद्यावर मोठा मोठा होत गेला, शेवटी नुसते खडे दिसले आणि चित्र अर्ध्यावर तुटलं. कथा वाचून चाळीसेक वर्षं झाली होती, पण त्या क्षणी तीच आठवली.

म्हणजे कथेतलं तंत्रज्ञान बऱ्यापैकी खरं ठरलं आणि कथेतलं ‘लोकांना सांगू नका’ हे गृहीतक खोटं ठरलं. त्यांचा काळ शीतयुद्धाचा, तेव्हा असलं काही संरक्षण खात्याबाहेर जाईल ही कल्पनाच कोणी केली नसती.

---

चांदणवेल

@सांजवारा, हा मुद्दा आमच्या बैठकीत कोणालाच सुचला नव्हता आणि तो बिनतोड आहे. पण पूर्ण पटला असं नाही म्हणणार. माहिती दिली की माणूस बदलतो, हे तुम्ही धरून चाललाय.

नारळीकरांनी कथेबाहेर हा प्रयोग करून पाहिला होता. पुण्यातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनातले नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिष बघणारे प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी नुसती पत्रिका बघून ओळखायचं, मूल कोणत्या गटातलं. प्रत्येकाला ४० पत्रिका. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के तरी आले असते. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

इथे काहीच गुप्त नव्हतं. नियम आधी जाहीर, निकाल जाहीर, वर्तमानपत्रांत बातम्या. पत्रिका बघणं थांबलं का? आमच्याच इमारतीत गेल्या वर्षभरात ज्या सोयरिकी जमल्या, त्यांतल्या किती गुणमेलनाशिवाय जमल्या ते विचारू नका.

---

पानगळ

सगळे विज्ञान आणि समाज यांवर बोलताहेत, कथेबद्दल कोणीच बोलत नाही. अप्रिय काम मी करतो.

या कथा म्हणून किती टिकतात? माझ्या मते सगळ्या सारख्या नाही टिकत. बहुतेक कथांचा साचा ठरलेला आहे. एक विचित्र घटना घडते. कथा सांगणारा चक्रावतो. मग त्याचा शास्त्रज्ञ मित्र येतो, कागद-पेन्सिल मागतो आणि पुढची दोन-तीन पानं तास घेतो. मास्तर वर्गात शिरले की पात्रं बाकावर बसतात आणि कथा थांबते. पात्रांना आवडीनिवडी नाहीत, शरीर नाही, कोणाचा हेवा नाही. बायका बहुतेक चहा आणतात किंवा काळजी करतात. सांजवारा ज्या बायकोची बाजू घेताहेत तिला तिच्या तोंडचा एक सलग परिच्छेद तरी मिळाला असता, तर वकिलाची गरजच पडली नसती.

भाषा मात्र स्वच्छ. हे त्यांचं मोठं बळ. आयुष्यभर इंग्रजीत शोधनिबंध लिहिणारा माणूस इतकी बिनबोजड मराठी लिहितो याचं मला अजून कौतुक वाटतं. पण स्वच्छ भाषा वेगळी आणि कथा वेगळी. लक्ष्मण लोंढे किंवा सुबोध जावडेकर वाचा, तिथे माणूस आधी भेटतो, विज्ञान मागून येतं.

म्हणून ‘बोध काय’ हा प्रश्नच मला खटकतो. विज्ञानकथेकडे आपण अजून सुटीतल्या संस्कारवर्गासारखं बघतो. प्रेमकथेचा बोध काय, असं कोणी विचारतं का?

---

उगाच_काहीतरी

प्रेमकथेचा बोध घरचे विचारतात.

---

मोडीवाचक

पानगळ, साच्याबद्दल सहमत, पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ त्या साच्यातून सुटते. ती माझी लाडकी कथा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कथेतले गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. सभांचं अध्यक्षस्थान भूषवण्याचा त्यांचा विक्रम हजाराच्या उंबरठ्यावर आलेला. हजाराव्या भाषणाचा विषय ठरतो: पानिपत आपण जिंकलं असतं तर? त्याच विचारात असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जाऊन पडतात जिथे ते खरंच जिंकलेलं आहे. कंपनी सरकार मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणी उरलंय, पेशव्यांनी दिल्लीत नामधारी बादशहा ठेवलाय, पुढे लोकशाहीही आली आहे. पंत काय करतात? घाबरत नाहीत, रडत नाहीत. सरळ टाउन हॉलमधलं ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून वाचत बसतात! नेमकं कुठे बिनसलं, की कुठे जमलं, ते शोधायला. पानगळ म्हणतात पात्रांना शरीर नाही. नसेल. पण हा स्वभाव आहे की नाही? मी ज्या दफ्तरखान्यात बसतो तिथे असे तीन तरी गंगाधरपंत भेटतील.

आणि वळण कुठे सापडतं, तर बखरीच्या एका ओळीत. विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी कानाजवळून निघून गेली. तिळभर अंतर. आपल्या बखरीत ती लागते, त्यांच्या बखरीत चुकते. बखरीचं ते पान फाटून पंतांच्या खिशात राहतं आणि तोच त्या प्रवासाचा एकमेव पुरावा. बखर हे साधन किती बेभरवशाचं, हे इतिहासवाल्यांना पक्कं ठाऊक. अख्ख्या विश्वाचा पुरावा बखरीच्या फाटक्या पानावर टांगणं, यातला खट्याळपणा मला फार भावतो.

आता कुरकुर. एका गोळीने पानिपत फिरलं असतं का? १४ जानेवारी १७६१ला सकाळी फौज बाहेर पडली ती उपाशी होती. ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली होती. डिसेंबरात रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जाट राजा सूरजमल आधीच साथ सोडून निघून गेलेला. छावणीत न लढणारे हजारो लोक आणि खायला काही नाही. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी सकाळी रोहिल्यांना चांगलंच भाजून काढलं, हे खरं. पण दुपारी अब्दालीने राखीव फौज घातली, आपल्याकडे राखीव असं काही नव्हतंच. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसली आणि धीर सुटला, हे शेवटचं पान झालं. पुस्तक त्याआधी तीन महिने लिहिलं जात होतं.

आणखी एक. कथेत विश्वासराव आणि धाकटे माधवराव मिळून राज्य वाढवतात. वा! पण आपल्या जगात माधवरावांनी पानिपतानंतर दहा वर्षांत गाडी रुळावर आणलीच होती. १७७१ला मराठे परत दिल्लीत होते. घात झाला तो १८ नोव्हेंबर १७७२ला, माधवराव थेऊरला क्षयाने गेले तेव्हा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही म्हटलंय, की पानिपत त्या आघाताहून जास्त घातक नव्हतं. तेव्हा इतिहास बदलायला एकच संधी मिळणार असेल, तर मी विश्वासरावांची गोळी नाही चुकवणार. थेऊरला चांगला वैद्य पाठवीन, तोही औषधांसकट.

---

गणिताची_वही

मोडीवाचक यांचा प्रतिसाद वाचून हात शिवशिवले.

गोळीच्या प्रश्नाचं उत्तर नारळीकरांनी कथेतच दिलंय. शास्त्रज्ञ मित्र समजावताना ‘कॅटॅस्ट्रोफी थिअरी’चा आधार घेतो. फ्रेंच गणिती रने तोम यांचं त्यावरचं पुस्तक १९७२चं, म्हणजे कथा लिहिली गेली तेव्हा ही गोष्ट अगदी गरमागरम होती. गाभा असा: काही व्यवस्थांमध्ये परिस्थिती हळूहळू बदलत जाते, वर काहीच दिसत नाही, आणि एका टोकाला पोचल्यावर क्षुल्लक धक्क्याने सगळं एकदम दुसऱ्या अवस्थेत कोसळतं. तुमचे ते तीन महिने म्हणजे टोकापर्यंतचा प्रवास आणि गोळी म्हणजे शेवटचा धक्का. म्हणजे उपासमार आणि गोळी यांच्यात भांडण नाही. दोन्ही लागतात.

पण खरं सांगायचं तर पुढे या सिद्धांताची हवा गेली. समाजशास्त्रापासून तुरुंगातल्या दंगलींपर्यंत कुठेही तो लावायला लागले आणि सत्तरच्या दशकातच त्यावर गणितज्ञांकडून सडकून टीका झाली. गणित खरं, त्याचा वापर सैल. कथेत तो जिथे येतो तिथे मला थोडं अवघडल्यासारखं होतं. त्यामागून येणारा पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) भाग मात्र टिकून आहे. ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ला अनेक विश्वांची कल्पना मांडली, ती आजही गंभीरपणे चर्चिली जाते. पटते असं नाही, पण मोडीतही निघालेली नाही.

---

मोडीवाचक

उपासमार आणि गोळी, दोन्ही लागतात. मान्य. पण मग पंतांच्या खंडात उपासमारीवरही एक प्रकरण हवं होतं. गोळीवरच भागवलं.

---

रसायनी

‘उजव्या सोंडेचा गणपती’ अजून कोणी काढला नाही? उकडीचे मोदक होईपर्यंत थांबायचं होतं का?

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: एक माणूस विश्वातल्या अशा वळणातून जाऊन येतो की परतताना त्याचं डावं-उजवं उलटं झालेलं असतं. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की मोबियसची पट्टी होते. तिच्यावर काढलेली सपाट आकृती एक फेरी मारून आली की आरशातल्यासारखी उलटते. तेच तीन मितींतल्या माणसाचं केलं. क्रिकेटचा चेंडू दुसऱ्या हाताने पडायला लागतो, गणपतीची सोंड फिरते. एच. जी. वेल्सने १८९६च्या एका कथेत असाच उलटा झालेला माणूस आणला होता, त्याचं हृदय उजवीकडे गेलेलं. नारळीकरांनी त्यात आणलेला गणपती मात्र अस्सल इकडचा. उजव्या सोंडेचा कडक, त्याचं सोवळं पाळावं लागतं, हे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं. ती भीती आणि भूमिती एका मूर्तीत आणणं हे मला या सगळ्या कथांमधलं सर्वांत देखणं सुचणं वाटतं.

माझी अडचण जेवणाची. आपल्या शरीरातली प्रथिनं एकाच बाजूच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, डावखुऱ्या म्हणा. शर्करा उजव्या. हे कळायला सुरुवात झाली ती पाश्चरमुळे. १८४८ला त्याने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले, चिमट्याने एकेक उचलून डावे वेगळे आणि उजवे वेगळे ढीग केले. दोन्हींचं द्रावण केलं तर एकाने प्रकाशाचं ध्रुवीकरण एका बाजूला फिरवलं, दुसऱ्याने विरुद्ध बाजूला. अशी निरीक्षणं आम्ही आता यंत्राने मिनिटात करतो, पण तो चिमटा मला अजून अद्भुत वाटतो.

तर कथेतला उलटा माणूस आतून, रेणूपर्यंत उलटा झाला असेल तर त्याची पाचकरसायनंही उलटी. त्याच्यासमोर आपलं सरळ ताट वाढलं तर? ग्लुकोजची आरशातली प्रत प्रयोगशाळेत बनवलेली आहे. ती चवीला गोडच लागते, पण शरीराला तिच्यातून ऊर्जा काढता येत नाही. त्याच्या दृष्टीने आपलं अख्खं जेवण तसं. श्रीखंड-पुरी भरपेट खाऊनही हा गृहस्थ महिन्या-दोन महिन्यांत वाळत जाईल. गोलंदाजी राहू दे, अंथरुणातून उठणं कठीण.

---

उगाच_काहीतरी

म्हणजे कितीही खाल्लं तरी वजन वाढत नाही. वळणाचा पत्ता द्या हो.

---

पानगळ

रसायनी, तुमच्या या प्रतिसादात माझ्या मनातली कथा आहे. बायकोने हौसेने वाढलेलं अन्न अंगी लागत नाही आणि तिला वाटतं आपल्याच हाताला चव राहिली नाही. नारळीकरांना भूमिती दिसली, हे दिसलं नाही. मी म्हणतो ती उणीव हीच.

---

दवाखाना_गल्ली

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ. ‘पुत्रवती भव’बद्दल लिहिण्यावाचून राहवत नाही.

मुलगाच होईल अशी हमी देणारं तंत्र लोकांच्या हाती आलं तर काय होईल, हा त्या कथेचा प्रश्न. कथा म्हणून ती ‘पानिपत’च्या पासंगाला पुरत नाही, हे पानगळ यांच्या आधी मीच सांगते. पण मी ती वाचली तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती आणि सोनोग्राफी यंत्रं तालुक्याच्या गावांत पोचायला लागली होती. कथेतलं औषध अजून कुठेही नव्हतं. त्याची गरजच पडली नाही. गर्भ ठेवायचा की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर पडद्यावरची करडी सावली पुरेशी होती.

महाराष्ट्राने १९८८ला गर्भलिंगतपासणीविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा १९९४ला आला. २००३च्या दुरुस्तीत गर्भधारणेच्या आधीची लिंगनिवडही त्यात घेतली, म्हणजे कथेतलं तंत्र कायद्याच्या कक्षेत आलं. आणि आकडे? शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली: १९९१ला महाराष्ट्रात ९४६, २००१ला ९१३, २०११ला ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. कायदा आल्यावर आकडा वर जायला हवा होता ना?

चांदणवेल म्हणतात विज्ञान आपलं काम करतं आणि माणसं हलत नाहीत. मी तुम्हाला सांगते, माणसं फार पटकन हलतात. आपल्याला हवं तेच करून देणारं यंत्र दिसलं की रात्रीचा प्रवास करून येतात. माझ्याकडे आलेल्यांत इंजिनिअर होते, विज्ञान शिकवणारे शिक्षक होते. एकही जण सोनोग्राफीला अंधश्रद्धा म्हणाला नाही. ‘मॅडम, फक्त एवढं सांगा’ म्हणताना आवाज खाली जायचा, तेवढाच काय तो संकोच. मी नाही म्हटलं की शेजारच्या गावचा रस्ता धरायचे. जिथे हो म्हणत, तिथे रांग असायची.

तेव्हा यज्ञ करणाऱ्या त्या बाईला हसू नका. तिच्या यज्ञाने कोणाचा जीव गेला नाही.

---

सांजवारा

डॉक्टर, काय लिहावं कळत नाही. वाचलं, एवढंच.

---

चांदणवेल

डॉक्टर, माझ्या मांडणीत हे बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करत नाही. ‘धूमकेतू’मध्ये विज्ञान आणि श्रद्धा समोरासमोर उभ्या आहेत. तुम्ही सांगताय तिथे दोघी एकाच रांगेत, एकाच खोलीबाहेर. नारळीकरांच्या बहुतेक कथांमध्ये यंत्र चांगल्या माणसांच्या हाती असतं, किंवा निदान समजूतदार माणसांच्या. ‘पुत्रवती भव’मध्ये ते गिऱ्हाइकांच्या हाती जातं. आमच्या बैठकीत ती कथा ‘जुनी झाली’ म्हणून पाच मिनिटांत उरकली होती. पुढच्या बैठकीत ती पहिली घेणार.

---

हिंगोलीचा

उशिरा आलो. सगळे ‘कृष्णविवर’ला वळसा घालून गेले, म्हणून दोन ओळी. १९७४ला ही कथा आली तेव्हा कृष्णविवर म्हणजे बव्हंशी कागदावरचं गणित. १४ सप्टेंबर २०१५ला दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेत ‘लायगो’ने टिपल्या, १० एप्रिल २०१९ला एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र प्रसिद्ध झालं, आणि आता ‘लायगो’सारखीच वेधशाळा आमच्या औंढा नागनाथजवळ होतेय. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने मंजुरी दिली. नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्र संस्था त्यात भागीदार आहे.

गावात चहाच्या टपरीवर विचारलं तर लोक जमिनीचा भाव सांगतात, चार किलोमीटरच्या नळ्या कशाला ते फारसं कोणी सांगत नाही. शाळेतली पोरं मात्र विचारतात. माझ्या पुतणीला कथा वाचायला दिली. तिचा पहिला प्रश्न: जवळ गेल्यावर वेळ हळू चालतो, तर परीक्षेचे तीन तास तिथे जाऊन लिहिले तर चालतील का? मी म्हटलं, तुझं घड्याळ तीनच तास दाखवेल, बाहेर पर्यवेक्षक म्हातारे होतील. ती म्हणाली, मग काय उपयोग.

---

गणिताची_वही

पुतणीला उलटं करायला सांगा. पर्यवेक्षकांना कृष्णविवराजवळ बसवायचं आणि आपण बाहेर बसून लिहायचं. त्यांचे तीन तास होईपर्यंत आपल्याकडे पेपर चारदा तपासून होतो.

---

कॅनडाकर

एक व्यावहारिक प्रश्न. माझी मुलगी तेरा वर्षांची, मराठी वाचते पण अडखळत. सुरुवात कशाने करू? धाग्यात कथा संपेपर्यंतचं सगळं उघड झालंय, पण ती इथे येत नाही, ती काळजी नाही.

---

मोडीवाचक

पानिपत नको. आधी खरं पानिपत माहीत असल्याशिवाय खोट्याची मजा नाही, आणि तिकडच्या शाळेत ते शिकवलेलं नसणार. गणपती द्या. कागदाची पट्टी, कात्री आणि गोंद सोबत ठेवा.

---

रसायनी

+१ गणपती. वाचून झाल्यावर त्याच्या जेवणाचं विचारा. तिने स्वतःहून विचारलं तर मला इथे जरूर कळवा.